‘उघड’ कोणाला? : नवनिर्मितीच्या एका निकषाची नैतिक बाजू

१

शिडी ही वस्तू इतकी जुनी आहे, की तिचा कर्ता कोण हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. दोन उभे वासे आणि त्यांना सांधणाऱ्या आडव्या काठ्या, एवढाच तिचा संसार. जुन्या मराठीत तिला निसण किंवा निसणी म्हणत. संस्कृत ‘निःश्रेणी’शी या शब्दाचे नाते आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात माळवदावर चढण्यासाठी भिंतीला टेकवलेली बांबूची शिडी आणि खामगावच्या बाजारपेठेत विकायला ठेवलेली ॲल्युमिनियमची शिडी यांच्यात द्रव्याचा फरक आहे. कल्पनेचा फारसा नाही. रंगारी आणि वायरमन जिला ‘घोडा’ म्हणतात ती बिजागरीने जोडलेली दुपाखी शिडीही आता सर्वांच्या परिचयाची आहे.

अशा वस्तूत नवे काही करता येते काय? समजा, एखाद्या कारागिराने बिजागरीची अशी रचना केली, की तीच शिडी हवी तेव्हा घोड्यासारखी उभी राहावी आणि हवी तेव्हा उलगडून सरळ, दुप्पट उंचीची व्हावी. त्याने त्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे दुसऱ्या कारखान्याने तशीच शिडी बाजारात आणली, तंटा झाला आणि तो अपिलात गेला. प्रतिपक्ष म्हणेल : शिडी जुनी, बिजागरी जुनी, खटका जुना, तीन जुन्या गोष्टी एकत्र आणल्या, यात शोध कसला? पेटंटधारक म्हणेल : सगळेच जुने होते, तर इतकी वर्षे ते कोणी एकत्र का आणले नाही? हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील युक्तिवाद कल्पित नाही. पेटंटविषयक खटल्यांत गेली पावणेदोनशे वर्षे या दोन वाक्यांचा सामना चालू आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हीच त्यातली खरी अडचण होय.

कायद्याने या अडचणीला एका शब्दात बांधले आहे. भारतीय पेटंट कायदा १९७० चा. त्यातील आजच्या व्याख्येनुसार नुसते नावीन्य पुरेसे नाही; शोधात एक ‘कल्पक पाऊल’ असावे लागते, आणि ते पाऊल त्या कलेत निष्णात असलेल्या व्यक्तीला ‘उघड’ नसावे लागते. म्हणजे निर्णयाचा सारा भार ‘उघड’ या विशेषणावर येऊन पडतो. हे विशेषण वस्तूचे वर्णन करते असे वाटते. प्रत्यक्षात ते पाहणाऱ्याचे वर्णन करते. शिडी उंच असते, जड असते, लोखंडी असते. पण ती ‘उघड’ असू शकत नाही. ती कोणाला तरी, कोणत्या तरी वेळी उघड असते. हा ‘कोण’ आणि ही ‘वेळ’ ठरवताना जे घडते ते केवळ तांत्रिक नसून नैतिक आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. साहित्याच्या समीक्षकालाही या प्रश्नातून सुटका नाही. कारण ‘यात नवे ते काय?’ हे वाक्य न्यायालयापेक्षा समीक्षेच्या पानांवर अधिक वेळा उच्चारले गेले आहे.

२

‘उघड’पणाला काळाची मिती असते, हे समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातीलच एका स्थळाचे उदाहरण उपयोगी पडेल. लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या, जवळजवळ वर्तुळाकार विवरात वसले आहे. आज तेथे सहलीला आलेला शाळकरी मुलगाही ‘हे उल्कापाताने झाले’ असे सांगतो, आणि विवराचा तो गोल काठ पाहताना याखेरीज दुसरे काही कोणाला वाटले असेल, यावर त्याचा विश्वास बसत नाही. पण १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, त्यानंतरच्या दीर्घ काळात भूवैज्ञानिकांना येथे ज्वालामुखीचेच काम दिसत होते. तसे दिसण्याला कारणही होते. ज्या खडकात हे विवर आहे तो दख्खनचा बेसाल्ट स्वतःच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला. लाव्ह्यात पडलेला खड्डा ज्वालामुखीचाच असणार, हे अनुमान त्या काळी ‘उघड’ होते. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट याने ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखवले, तरी तेवढ्याने उल्कापाताचा निष्कर्ष हाती आला नाही. १९७३ मध्ये विवरातील खडकांच्या नमुन्यांत प्रचंड आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार खनिज आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रश्नाचा निकाल लागला. गावातील लोकांपाशी लवणासुराच्या वधाची कथा आधीपासून होतीच. विष्णूने केलेल्या त्या वधाचे स्मरण लोणारचे दैत्यसूदन मंदिर आजही देते.

येथे एकामागून एक दोन ‘उघड’ गोष्टी आल्या. पहिली चुकीची होती, दुसरी बरोबर आहे. परंतु उघडपणाचा अनुभव दोन्ही वेळी सारखाच होता. उत्तर हाती आले, की ते मिळण्यापूर्वीची मनःस्थिती आपल्याला पुन्हा उभी करता येत नाही. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यावर प्रयोग केले. इंग्रज आणि गुरखे यांच्या एकोणिसाव्या शतकातील संघर्षाची हकीकत त्याने लोकांना वाचायला दिली. काहींना त्याचा शेवट सांगितला, काहींना सांगितला नाही. ज्यांना एखादा शेवट सांगितला होता त्यांना तोच शेवट आधीपासून अधिक संभवनीय होता असे वाटले. आणि सांगितलेल्या माहितीमुळे आपले मत बदलले याची त्यांना जाणीवही नव्हती. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्ञान मनात शिरताना आपण कधी आलो याची खूण ठेवत नाही. ते जणू नेहमीच तेथे होते असे भासवते.

शिडीच्या खटल्यातील न्यायाधीशापुढे शिडी उलगडून उभी केलेली असते. तिची बिजागरी कशी फिरते, खटका कोठे बसतो, हे त्याला दोन मिनिटांत समजते. आणि जे दोन मिनिटांत समजले ते दोन मिनिटांत सुचलेही असते, असे वाटण्याचा मोह त्याला होतो. समजणे आणि सुचणे यांतील अंतर असे पुसले जाते. हा दोष केवळ बुद्धीचा मानून भागत नाही, कारण त्याची किंमत दुसऱ्या माणसाला मोजावी लागते. ज्याने अंधारात वाट काढली त्याचे श्रम, वाट उजळल्यानंतर आलेला मनुष्य नाकारत असतो. म्हणून निर्णय करणाऱ्यावर एक विलक्षण कर्तव्य येते : जे माहीत झाले आहे ते काही काळ माहीत नसल्यासारखे करण्याचे. प्रामाणिक विस्मरणाचे हे कर्तव्य नीतिशास्त्राच्या ग्रंथांत फारसे चर्चिले गेलेले नाही.

३

या कर्तव्याची चर्चा भारतात ज्या निकालाच्या आधारे होते तो शिडीचा नसला, तरी शिडीइतक्याच साध्या साधनाचा आहे. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ हे ते प्रकरण. मिर्झापूरचा भांडी बनवण्याचा धंदा ही त्याची पार्श्वभूमी. कातकामासाठी भांडे लेथवर चढवायचे, तर ते फिरताना घट्ट धरून ठेवावे लागते. जुन्या पद्धतीत भांडे निसटून उडण्याचा आणि कारागिराला इजा होण्याचा धोका असे. भांडे धरण्याच्या एका सुधारित साधनाचे पेटंट १९५०च्या दशकाच्या आरंभी, १९११ च्या जुन्या कायद्याखाली, घेतले गेले. तंटा अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. एकट्या न्यायाधीशाने पेटंट रद्द केले. अपिलात खंडपीठाने ते पुन्हा उभे केले. आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय फिरवून पेटंट रद्दच ठरवले. न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा, की ज्ञात वस्तूतील सुधारणा किंवा ज्ञात वस्तूंचा संयोग पेटंटला पात्र व्हायचा असेल, तर तो कारखान्यात काम करता करता होणाऱ्या नेहमीच्या सुधारणेच्या पलीकडचा हवा. कुशल कारागिराच्या संभाव्य कुवतीत जे येते ते शोध नव्हे.

पेटंट उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. साधन तेच, पुरावा तोच. पाहणारे डोळे तेवढे बदलले. अमेरिकेतही असेच घडले. खडकाळ जमिनीत नांगराचे दाते दगडावर आपटून मोडू नयेत, म्हणून दाता धरणाऱ्या पकडीची रचना एका शेतकी अवजारात बदलली होती : दाता पट्टीच्या वर न बसवता खाली बसवला होता. तेच पेटंट एका अपील न्यायालयाने वैध मानले आणि दुसऱ्याने अवैध. १९६६ मध्ये ‘ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर’ या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते उघड ठरवून रद्द केले. मात्र त्याच दिवशी दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने ॲडम्स नावाच्या संशोधकाच्या विद्युत्‌घटाचे पेटंट कायम केले. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड हे त्यातले घटक तज्ज्ञांना ठाऊक होते. पण त्यांचा असा घट चालू शकेल यावर सैन्याच्या तज्ज्ञांचा आधी विश्वास बसला नव्हता, आणि पुढे तोच घट सैन्याने वापरला. ज्यांनी ‘हे शक्य नाही’ म्हटले त्यांनाच नंतर ‘हे उघड होते’ असे म्हणू देणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

या साऱ्या निकालांच्या मध्यभागी एक कल्पित मनुष्य उभा आहे. तो आपल्या कलेत निष्णात आहे. त्या कलेविषयी आजवर प्रसिद्ध झालेले सर्व काही त्याला ज्ञात आहे, असे धरले जाते. मात्र त्याच्या ठिकाणी कल्पकतेचा अंशही नाही. न्यायाधीशाने या माणसाच्या कातडीत शिरून, पेटंटच्या तारखेच्या दिवशी उभे राहून, स्वतःला विचारायचे : समस्या माझ्यापुढे आहे, जुने सारे ज्ञान माझ्या हाती आहे, हे पाऊल मी टाकले असते काय? सर्वज्ञ आणि प्रतिभाशून्य असा हा पुरुष जगात कोठे भेटणार नाही. तरीही न्यायाला त्याची गरज भासते, कारण तो न्यायाधीशाच्या स्वतःच्या चलाखीला आवर घालतो.

भारतीय साहित्यशास्त्राला असा कल्पित पुरुष अपरिचित नाही. अभिनवगुप्ताने वर्णिलेला ‘सहृदय’ हाही एक आदर्शच आहे : काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा. दोघेही अभ्यासाने घडलेले आहेत, दोघांच्याही निर्णयाला प्रामाण्य आहे. भेद असा, की निष्णात पुरुष पूर्वीचे ज्ञान घेऊन नव्या वस्तूला तोलतो, तर सहृदय नव्या वस्तूशी तन्मय होतो. पहिल्याला चकित होणे ठाऊक नाही; दुसऱ्याला चकित होण्यावाचून वाचताच येत नाही. कायद्याने पहिला निवडला, काव्यशास्त्राने दुसरा. पण समीक्षकाला दोघांचीही जरूर असते. नुसता निष्णात असलेला समीक्षक प्रत्येक कवितेत जुन्या कवितेचे तुकडे मोजत बसतो. आणि नुसता सहृदय प्रत्येक कवीला पहिलाच कवी समजतो.

४

जुन्या वस्तूंच्या संयोगाचा प्रश्न काव्यशास्त्राने कायद्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धन दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार करतो : बिंब-प्रतिबिंबासारखे, वस्तू आणि तिचे चित्र यांच्यासारखे, आणि समान देह असलेल्या दोन माणसांसारखे. पहिल्या दोहोंचा कवीने त्याग करावा, कारण त्यांना स्वतःचा प्राण नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो. तिसरा प्रकार मात्र त्याज्य नाही. दोन माणसांचे अवयव सारखे असले तरी प्राण वेगळा असतो, तेवढे वेगळेपण काव्याला पुरते. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या वर्गीकरणात चौथा प्रकार घातला, परकाया प्रवेशासारख्या साम्याचा, आणि काव्यगत ‘हरणा’चे अनेक भेद सांगितले. कवीच्या व्यवहाराची व्यापाऱ्याच्या व्यवहाराशी सांगड घालून, कोणीच पूर्णपणे निरपराध नाही, असे तो किंचित उपहासाने सुचवतो.

या विवेचनात पेटंटच्या कायद्याला घेण्याजोगे काही आहे. न्यायालयात प्रश्न असा मांडला जातो, की घटक जुने आहेत की नवे. आनंदवर्धन विचारतो, की घटक जुने असताना त्यांच्यातून नवा प्राण उभा राहिला काय? शिडी, बिजागरी, खटका यांची बेरीज कारागिराने केली असेल, तर ते चित्रासारखे साम्य झाले. पण त्या तिघांच्या संयोगातून, एकेकटे असताना त्यांच्यात नसलेला असा गुण जर आला, उदाहरणार्थ जी शिडी मजुराला एकट्याने खांद्यावर नेता येते आणि जी उभी असताना कधीही अचानक मिटत नाही, तर तेथे समान देहातील भिन्न प्राण आहे असे म्हणता येईल. ग्रॅहमचा नांगर आणि ॲडम्सचा घट यांना एकाच दिवशी वेगळा न्याय मिळाला तो याच भेदामुळे.

अर्थात ‘प्राण’ हे रूपक आहे आणि रूपकाने तंटे सुटत नाहीत, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु ‘उघड’ हेही रूपकच आहे. झाकलेले आणि उघडे यांच्या अनुभवातून ते आले आहे. त्यामागे असे गृहीत आहे, की शोध आधीपासून कोठे तरी झाकून ठेवलेला असतो आणि कोणीतरी झाकण काढतो. ‘प्राण’ या रूपकात शोध घडवला जातो. पहिल्या रूपकाने कर्त्याचे श्रेय कमी होते, दुसऱ्याने ते वाढते. न्यायाधीश किंवा समीक्षक कोणते रूपक मनात धरून बसला आहे, यावर निकाल बराचसा अवलंबून असतो, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक असणे इष्ट. कांटने १७९० मध्ये आणखी एक सावधगिरीची सूचना केली होती : निव्वळ मौलिकता पुरेशी नाही, कारण मौलिक असा निरर्थकपणाही असू शकतो, प्रतिभेची कृती इतरांना आदर्श ठरावी लागते. कोणाला सुचले नव्हते एवढ्यावरून ते सुचण्याजोगे होते असे सिद्ध होत नाही.

५

आतापर्यंतच्या विवेचनात अन्यायाची एकच बाजू आली : कर्त्याचे श्रेय नाकारले जाण्याची. दुसरी बाजू याहून जड आहे. जे अनेकांचे आहे ते एकाच्या नावावर लागते, तेव्हा निष्णात पुरुषाच्या डोक्यात कोणते ज्ञान आहे आणि कोणते नाही, हा प्रश्न उभा राहतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले. १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात, मूल पडून गुडघा फुटला की आजी हळद दाबते. पण ही गोष्ट पुरावा म्हणून चालली नाही. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसता वापर किंवा माहिती ‘पूर्वज्ञान’ म्हणून गणली जात नसे. छापील उल्लेख लागत असे. परिषदेला ३२ संदर्भ सादर करावे लागले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेखही होता. म्हणजे सर्वज्ञ समजल्या गेलेल्या त्या निष्णात पुरुषाला जगातील सारी छापील पाने वाचता येत होती. सीमेपलीकडच्या स्वयंपाकघरात मात्र त्याला डोकावता येत नव्हते. अमेरिकेच्या कायद्यातील ही भौगोलिक मर्यादा २०१३ मध्ये लागू झालेल्या बदलाने गेली. भारताच्या कायद्यात तर २००२ च्या दुरुस्तीने स्थानिक समाजांतील मौखिक ज्ञानाच्या आधारेही पेटंटला विरोध करण्याची सोय झाली आहे. कायद्याने आपल्या ‘कोणाला?’चे उत्तर असे हळूहळू विस्तारले.

तथापि छापील आणि मौखिक यांतील दरी औषधांपुरती नाही. अवजारांच्या बाबतीत ती अधिक खोल आहे. बुलढाण्याच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या तिफणीने पेरणी झाली. चाड्यात मुठीने बी सोडायचे, ते नळ्यांतून तीन तासांत एका अंतराने पडायचे; आंतरपिकासाठी मागे सरता बांधायचा. हे यंत्रच आहे, आणि त्यातला प्रत्येक कोन कोणी तरी, कधी तरी ठरवलेला आहे. १७९५ मध्ये थॉमस हॅलकॉट या इंग्रजाने दक्षिण भारतातील असेच पेरणीचे अवजार पाहिले, तेव्हा त्याने कबूल केले, की तोवर तो अशा साधनाला आधुनिक युरोपचा शोध समजत होता. धरमपाल यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथात या नोंदी पुन्हा उजेडात आणल्या. जेथ्रो टलचे पेरणीयंत्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे. तिफणीचा कर्ता कोणत्याच पुस्तकात नाही.

तो नसण्याचे कारण केवळ विस्मृती नव्हे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुताराला अवजारांच्या कामाबद्दल सुगीला ठरावीक धान्य मिळे. त्याने तिफणीचा दांता अधिक चांगला बसवला म्हणून त्याचा वाटा वाढत नसे, आणि वाईट बसवला तरी दुसऱ्या सुताराकडे जाण्याची मुभा शेतकऱ्याला सहसा नसे. सुधारणा हा त्याच्या जातिकर्तव्याचा भाग मानला गेला. कर्तव्यावर सही करायची नसते. जेथे कर्त्याची कल्पनाच व्यवस्थेने उभी राहू दिली नाही, तेथे त्याच्या कृतीला ‘उघड’, ‘परंपरागत’, ‘सर्वांचे’ म्हणणे फार सोपे जाते. ‘हे तर आमच्याकडे पूर्वापार आहे’ या अभिमानाच्या वाक्यात एक न दिलेले श्रेय दडलेले असते. परदेशी पेटंटशी भांडताना आपण ज्या सामूहिक ज्ञानाचा दाखला देतो, त्या ज्ञानाच्या कर्त्यांना घरच्या व्यवस्थेने काय दिले, हा प्रश्नही मग टाळता येत नाही.

आजही ही प्रक्रिया डोळ्यांसमोर चालू आहे. सायकलच्या चाकाला दांडा आणि पास जोडून केलेले हातडवरे विदर्भ-मराठवाड्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांत बनते. बैलजोडी पोसणे न परवडणाऱ्या शेतकऱ्याचे ते आधाराचे साधन आहे. चाकावर चालणारी हातकोळपी इतरत्र एकोणिसाव्या शतकापासून होती. म्हणून कायद्याच्या काट्यावर हे डवरे कदाचित टिकणार नाही. पण मोडीत निघालेल्या सायकलकडे पाहून ज्याला प्रथम त्यात डवरे दिसले, त्याला ते दिसण्यासाठी ना पूर्वीचे पेटंट ठाऊक होते, ना परदेशी अवजार. कायद्यातला निष्णात पुरुष सर्वज्ञ असतो. हा वेल्डर तसा नव्हता. ‘उघड’ हा निर्णय मक्तेदारी नाकारण्यासाठी योग्य असेल, आणि तरीही त्या माणसाच्या बुद्धीविषयीचे विधान म्हणून खोटा असेल. हे दोन निर्णय वेगळे ठेवले पाहिजेत. पेटंट न देणे म्हणजे श्रेय न देणे नव्हे. परंतु व्यवहारात पहिल्या नकारातून दुसरा नकार नकळत निघतो.

६

हाच भेद साहित्याच्या क्षेत्रात नेऊन पाहता येईल. त्यासाठी बुलढाणा जिल्हा सोडण्याचीही गरज नाही. लोणारपासून जवळच मेहकर आहे, आणि मेहकरला ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी वकिली करत कविता लिहिली. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ चा. ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९३०च्या दशकात, त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गाऊन ध्वनिमुद्रित केली आणि तिचे नाव मराठी भावगीतगायनाच्या आरंभाशी जोडले गेले. तो काळ मागे उभा राहून पाहणाऱ्याला भावगीत ‘उघड’ वाटेल : कविता होती, नाट्यसंगीताने घडलेला कान होता, ग्रामोफोनच्या तबकडीची तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा होती, या तिन्हींची बेरीज कोणीतरी करणारच होते. शिडी, बिजागरी, खटका यांचाच हा युक्तिवाद आहे. आणि त्याला उत्तरही तेच : मग कोणी आधी का केली नाही?

या उत्तराने भावगीतावर कोणाची मालकी सिद्ध होत नाही, होऊही नये. पुढच्या प्रत्येक कवीला आणि गायकाला ती वाट मोकळी असणे यातच त्या प्रकाराचे आयुष्य होते. ओवी, अभंग, लावणी यांच्या घाटांवर कोणी हक्क सांगितला असता, तर मराठी कवितेचा इतिहास घडलाच नसता. वाट मोकळी ठेवणे आणि ती पहिल्यांदा कोणी चालली हे लक्षात ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र शक्य आहेत; मौखिक परंपरेने नाममुद्रेच्या रूपाने त्या काही प्रमाणात केल्याही. अभंगाच्या शेवटी येणारे कर्त्याचे नाव मक्तेदारी मागत नाही. ते गाणारा दुसरा असतो, ऐकणारे तिसरे असतात; नाव तेवढे टिकते. तिफण घडवणाऱ्या सुताराला अशी मुद्रा उमटवायला जागा नव्हती, ही त्या परंपरेचीही मर्यादा मान्य करावी लागेल.

शिडीच्या अपिलाचा निकाल काय लागावा, हे सांगणे या विवेचनाचे काम नाही. तो साक्षीपुराव्याने ठरेल : त्या दिवशी काय ज्ञात होते, कोणाला ज्ञात होते, किती जणांनी प्रयत्न केले आणि ते कोठे अडले. पण निकाल लिहिणाऱ्याने ‘उघड’ हा शब्द लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी केलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा ठेवता येते. आपल्याला आता दिसते ते त्याने काही वेळ बाजूला ठेवलेले असावे. आणि ज्यांचे ज्ञान छापले गेले नाही त्यांनाही त्याने ‘निष्णात’ या शब्दात जागा दिलेली असावी. पहिल्याने एका कर्त्याला न्याय मिळतो, दुसऱ्याने अनेकांना. हे दोन न्याय कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातील, आणि तेव्हा त्यांतला एक निवडावा लागेल. मात्र जो सोडला त्याची नोंद निकालात राहावी.

समीक्षकाची जबाबदारी याहून कमी नाही, उलट काहीशी अधिक आहे. न्यायालयाच्या निर्णयावर अपील असते. मिर्झापूरच्या त्या साधनाला तीन वेळा सुनावणी मिळाली. एखाद्या पहिल्याच संग्रहाला ‘यात नवे ते काय?’ म्हणून बाजूला सारले, तर मेहकरसारख्या ठिकाणी बसलेल्या कवीला दुसरी सुनावणी क्वचितच मिळते.